फोटो काढून टाकले तर?

डेटिंग अ‍ॅपवर समोरच्याला आपण किती वेळ देतो? खरं सांगायचं तर बायो वाचायच्या आधीच अंगठा सरकलेला असतो. 2006 मध्ये प्रिन्स्टनच्या दोन संशोधकांनी दाखवलेलं की अनोळखी चेहरा बघून मत बनवायला 100 मिलिसेकंद पुरतात, आणि जास्त वेळ दिला तरी मत फारसं बदलत नाही, उलट आपलंच बरोबर असं जास्त वाटायला लागतं.

मला भारी वाटतो तो ओकेक्युपिड या डेटिंग साइटचा किस्सा. 15 जानेवारी 2013 ला त्यांनी काही तास सगळ्यांचे फोटोच काढून टाकले. ट्रॅफिक धाडकन पडलं, पण जे थांबले ते पहिल्या मेसेजला 44 टक्के जास्त वेळा रिप्लाय देत होते, गप्पा रंगत होत्या, नंबरही पटापट दिले जात होते. मग फोटो परत आले आणि चालू असलेल्या कितीतरी गप्पा तिथेच बंद पडल्या. माणूस तोच, बोलणं तेच, फक्त नाक दिसलं! (आणि तेही खरं नाही बरं का, सेल्फी जवळून काढला की नाक मोठंच येतं.)

आवडनिवड असूच नये असं नाही, आकर्षण काय कुणाच्या हातात असतं. पण 'फक्त गोऱ्या मुली' किंवा 'सहा फुटांच्या खाली असाल तर लांबच राहा' असं बायोत लिहिणं म्हणजे सरळ उद्धटपणा. ग्राइंडर या समलिंगी लोकांच्या डेटिंग अ‍ॅपने 2020 मध्ये वंशाचा फिल्टर काढायचं जाहीर केलं, उंचीचा फिल्टर मात्र काही अ‍ॅप्सवर पैसे भरून मिळतो, बोला आता.