चार सेकंद

(क्लायंटची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. रेकॉर्डिंगला त्यांची लेखी संमती होती.)

बाहेरच्यांना वाटतं, सुपरव्हिजन म्हणजे अनुभवी थेरपिस्टने शिकाऊ थेरपिस्टच्या चुका काढायच्या. पण सेशन चालू असताना आम्ही सुपरव्हायझर त्या खोलीत नसतोच. ट्रेनी सांगेल तेवढंच आम्हाला कळतं आणि मूल्यमापनावर सही आमचीच होणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. १९९६ मध्ये मानसशास्त्रज्ञ निकोलस लॅडनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रेनींनाच विचारून पाहिलं, तेव्हा सुमारे ९७ टक्क्यांनी सुपरव्हायझरपासून काही ना काही राखून ठेवल्याचं कबूल केलं. म्हणून मी नुसत्या नोट्सवर भागवत नाही, रेकॉर्डिंग मागते. अख्खं नको, आपण कुठे अडखळलो असं वाटतं तेवढी पाच मिनिटं. बरेच जण नेमकी आपली सगळ्यात चांगली पाच मिनिटं घेऊन येतात.

माझ्याकडे शिकणारी ही मुलगी तसं करत नाही. त्या दिवशी तिने बत्तिसाव्या मिनिटापासून लावलं. क्लायंट पन्नाशीचे, आई जाऊन तीन महिने झालेले. आवाज अगदी सपाट. "त्या दिवशी तिचा फोन आला होता. मी उचलला नाही." मग शांतता. मी घड्याळाकडे बघत होते. चार सेकंद झाले आणि तिचा आवाज आला, "सध्या झोप कशी लागते?" ते झोपेबद्दल बोलू लागले. नीट, मुद्देसूद. फोन पुन्हा निघाला नाही.

तिच्या नोट्समध्ये होतं: 'क्लायंटने विषय बदलला.'

तिने रेकॉर्डिंग थांबवलं, मागे नेलं, परत ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं. बोट बटणावरच होतं. म्हणाली, "विषय त्यांनी नाही बदलला. मी बदलला. मला ते ऐकवलं नाही."

ती गप्प झाली. डोळे भरले होते. मी म्हणाले, "सुरुवातीला सगळ्यांचंच होतं असं. चल, पुढे ऐकू या."

तिने बटण दाबलं नाही. जरा वेळाने, अगदी हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, आत्ता तुम्हीही मला झोपेचंच विचारलंत."

क्लायंट आणि थेरपिस्टमध्ये जे घडतं तेच ट्रेनी आणि सुपरव्हायझरमध्ये पुन्हा घडू लागतं, हे मनोविश्लेषक हॅरॉल्ड सर्ल्स यांनी १९५५ मध्येच लिहून ठेवलंय. पुढे 'समांतर प्रक्रिया' या नावाने ते रूढ झालं. मी ते दरवर्षी शिकवते. आणि समोर घडत होतं तेव्हा मला दिसलं नाही, तिला दिसलं.

मी म्हणाले, "खरंय. मलाही तुझं रडू बघवलं नाही." मग आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही. तिच्या वडिलांच्या आजारपणाचं तिने त्यानंतर काढलं. मी ते खोदत बसले नाही. सुपरव्हिजनची थेरपी करायची नसते. त्या चार सेकंदांत तिच्या मनात कोण येऊन गेलं, एवढं तिला कळणं पुरेसं होतं.

आमच्या मूल्यमापनाच्या फॉर्मवर वक्तशीरपणा आहे, नोंदी आहेत, 'सूचना स्वीकारते का' हाही रकाना आहे. या शेवटच्या रकान्यावर माझा राग आहे. मान डोलावणाऱ्याला तिथे पैकीच्या पैकी मिळतात. माझे एक सहकारी अशा ट्रेनींना 'शिकवायला सोपे' म्हणतात. सोपे असतातच. सूचना लिहून घेतात आणि पुढच्या सेशनमध्ये, क्लायंटचं काहीही चाललेलं असो, ती वापरून मोकळे होतात. स्वतःचाच आवाज तीनदा ऐकून आपलीच नोंद खोटी ठरवणं, आणि सही ज्याच्या हातात त्यालाच 'तुम्हीही तेच केलंत' म्हणणं, हे कुठल्या रकान्यात मांडू?

मला जास्त छळतंय ते दुसरंच. 'होतं असं सगळ्यांचं' हे वाक्य मी इतकी वर्षं किती जणांना ऐकवलंय. त्यांनी मान डोलावली आणि मी ते धीर देण्यात जमा केलं. त्यांची बत्तिसावी मिनिटं माझ्यापर्यंत आलीच नाहीत.

आणखी एक ट्रेनी आहे. नोट्स अप्रतिम, पण रेकॉर्डिंग दर वेळी 'नीट झालेलं नाही'. परवा तो येईल. त्याच्याकडे मी काही मागणार नाहीये. माझ्याच एका क्लायंटची, सुपरव्हिजनमध्ये वापरायला संमती असलेली जुनी टेप शोधून ठेवली आहे. आधी ती लावणार आहे, मी जिथे चुकले तिथपासून.