आमची वाटचाल : लीजच्या टेक्स्ट फाइलपासून केआपर्यंत

भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यातल्या छोट्या-मध्यम कारखान्यांचं नेटवर्क सांभाळणं हा आमचा व्यवसाय. केबल ओढणं, स्विच बसवणं, वाय-फाय लावणं ही कामं बाजारात पुष्कळ जण करतात. आमच्याकडे कामं येत गेली ती डीएचसीपी सर्व्हरच्या, म्हणजे मशीनना आपोआप आयपी पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरच्या, डेटाबेसमुळे. कोणत्या मशीनला कोणता आयपी दिला आणि तो कधीपर्यंत त्याचा, एवढीच नोंद त्यात असते; तिला लीज म्हणतात. पण ती बिघडली की हजेरीचं बायोमेट्रिक मशीन, स्टोअरमधला लेबल प्रिंटर आणि गेटवरचा वजनकाटा एकाच सकाळी बंद पडतात. म्हणून हे काम माऊसने करायचं नाही, कमांड लाइनवरूनच करायचं, हे पहिल्यापासून ठरवलं. मारलेली कमांड लिहून ठेवता येते, दुसऱ्याला तपासता येते आणि पुढच्या साइटवर तशीच वापरता येते.

सुरुवातीचे सर्व्हर लिनक्सवरचे, इंटरनेट सिस्टिम्स कन्सॉर्शियमच्या म्हणजे आयएससीच्या डीएचसीपीडीचे. त्याचा डेटाबेस म्हणजे डीएचसीपीडी डॉट लीजेस ही साधी टेक्स्ट फाइल. तिच्यात जुनी नोंद खोडली जात नाही, शेवटी नवी जोडली जाते. एकाच आयपीच्या दहा नोंदी सापडल्या तर खरी ती सगळ्यात खालची. नवा माणूस ग्रेप (शोधायची कमांड) मारतो, पहिली ओळ वाचतो आणि भलत्याच मशीनच्या मागे लागतो. वेळाही यूटीसीत असतात, म्हणजे आपल्या वेळेसाठी साडेपाच तास मिळवायचे.

फाइल वाढत जाते म्हणून सर्व्हर ती अधूनमधून नव्याने लिहितो. आधी तात्पुरत्या नावाने नवी फाइल तयार होते, मग जुनीच्या नावापुढे टिल्ड (~) लागतो, मग नवी तिच्या जागी येते. आमच्या भागात वीज जाणं रोजचं, आणि यूपीएसची बॅटरी बदलायला कोणाला आठवत नाही. नेमकी त्या क्षणी वीज गेली तर मूळ नावाची फाइलच उरत नाही आणि सेवा सुरू होत नाही. अशा वेळी घाईत टच मारून रिकामी फाइल बनवली जाते. सर्व्हर उठतो, पण दिलेले सगळे आयपी विसरलेला असतो आणि वापरात असलेले पत्ते दुसऱ्यांना वाटू लागतो. देण्याआधी तो पिंग करून बघतो खरा, पण फायरवॉल चालू असलेले विंडोज संगणक बहुधा पिंगला उत्तरच देत नाहीत. मग एकच आयपी दोघांकडे.

बरोबर रीत अशी. टिल्डवाल्या फाइलची एक प्रत बाजूला काढा. मग एमव्हीने तिचं नाव बदलून मूळ नाव द्या. सीपी वापरू नका, कारण रूटने केलेल्या प्रतीची मालकी रूटकडे जाते आणि डीएचसीपीडीच्या स्वतःच्या युजरला ती लिहिता येत नाही. नंतर डीएचसीपीडीला मोठा टी देऊन लीज फाइल तपासा (छोटा टी फक्त कॉन्फिगरेशन तपासतो), आणि मगच सेवा सुरू करा. एखादी लीज हाताने काढायची असेल तरी आधी सेवा बंद. चालू सर्व्हरच्या फाइलमध्ये केलेला बदल टिकत नाही. सर्व्हर मेमरीतली यादी पुन्हा लिहून तो पुसून टाकतो.

मग कारखान्यांत ईआरपी आलं, त्यासोबत विंडोज सर्व्हर आणि अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, आणि डीएचसीपीही तिकडे गेलं. तिथला डेटाबेस डीएचसीपी डॉट एमडीबी, सिस्टिम३२ मधल्या डीएचसीपी फोल्डरात. दर ६० मिनिटांनी त्याचा आपोआप बॅकअप होतो, पण तोही त्याच फोल्डरात, त्याच डिस्कवर. डिस्क गेली की दोन्ही गेले. म्हणून रोज रात्री पॉवरशेलमधून एक्स्पोर्ट-डीएचसीपीसर्व्हर चालवून फाइल दुसऱ्या मशीनवर टाकायची.

या कमांडला ‘लीजेस’ हा स्विच द्यावाच लागतो. तो नसेल तर स्कोप (वाटायच्या पत्त्यांचा पट्टा) आणि रिझर्व्हेशन (ठरावीक मशीनसाठी राखलेला पत्ता) येतात, चालू लीज येत नाहीत. फाइल तयार होते, चूक दिसत नाही, आणि रिस्टोरच्या दिवशी कळतं. इम्पोर्ट करतानाही तोच स्विच लागतो आणि सोबत बॅकअपचा पाथ, कारण इम्पोर्टआधी सध्याचा डेटाबेस तिथे जतन होतो. डीएचसीपी नव्या सर्व्हरवर हलवायचं असेल तर एक्स्पोर्ट झाल्या झाल्या जुन्या सर्व्हरवरची सेवा बंद करायची. मधल्या वेळात दिलेली लीज नव्या सर्व्हरला माहीतच नसते. नवा सर्व्हर डोमेनमध्ये ऑथराइज केल्याशिवाय आयपी देत नाही, तेव्हा अ‍ॅड-डीएचसीपीसर्व्हरइनडीसी विसरू नये. स्कोपमध्ये आकडे जुळत नसतील तर रिपेअर-डीएचसीपीसर्व्हरव्ही४आयपीरेकॉर्ड आधी ‘रिपोर्टओन्ली’सह मारून बघायची, यादी वाचायची, मग दुरुस्ती.

२०२२ च्या अखेरीस आयएससीने जुन्या डीएचसीपीडीची देखभाल थांबवली, आणि लिनक्सवरच्या साइट आम्ही त्यांच्याच केआ या नव्या डीएचसीपी सर्व्हरवर न्यायला घेतल्या. या बदलीसाठी भोसरीची गुरुवारची औद्योगिक सुट्टी फार उपयोगी. आदल्या गुरुवारी लीजची मुदत एक तासावर आणायची. मशीन अर्धी मुदत झाली की नूतनीकरण मागतं, म्हणजे आठ दिवसांची लीज असली तरी चार दिवसांत चालू मशीन नव्या मुदतीवर येतात. बुधवारी रात्रपाळी सुटली की बदली.

कीमा हे साधन जुनं कॉन्फिगरेशन केआच्या जेसन या मजकुराच्या साच्यात आणून देतं, लीज मात्र नाही. त्यासाठी जुन्या फाइलमधून प्रत्येक आयपीची शेवटची नोंद उचलून सीएसव्ही बनवणारी छोटी स्क्रिप्ट लागते. पत्ता, मॅक (मशीनच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक), क्लायंट आयडी, मुदत सेकंदांत, संपण्याची वेळ इपॉक सेकंदांत (१ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या), सबनेट (नेटवर्कचा एक भाग) आयडी, असे रकाने ठरलेल्या क्रमाने, वर मथळ्याची ओळ.

या सबनेट आयडीकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यावं. जुन्या आवृत्त्यांत तो लिहिला नाही तर केआ कॉन्फिगरेशनमधल्या क्रमाने १, २, ३ असे आकडे स्वतः देत असे. मधे एक नवा सबनेट घातला की पुढचे सगळे आकडे सरकतात आणि डेटाबेसमधल्या लीज भलत्या सबनेटच्या ठरतात. आम्ही प्रत्येक सबनेटला त्याच्या व्हीलॅनचाच (स्विचवर वेगळ्या केलेल्या नेटवर्कचाच) आकडा आयडी म्हणून देतो: व्हीलॅन ३०, आयडी ३०. नव्या आवृत्त्यांत आयडी लिहावाच लागतो, हे उत्तम झालं. आधीच गोंधळ झालेला असेल तर केआच्या कॉन्फिगरेशनमधल्या सॅनिटी-चेक्समध्ये लीज-चेक्सला ‘फिक्स’ द्या. फाइल वाचताना पत्त्यावरून योग्य सबनेट शोधला जातो. मूळ सेटिंग ‘वॉर्न’ आहे, ते फक्त लॉगमध्ये इशारा देतं.

बॅकअपमध्येही एक खाच आहे. केआ दर ३६०० सेकंदांनी फाइल साफ करतो. साफ झालेल्या नोंदी ‘.२’ अशा शेवटाच्या फाइलमध्ये जातात आणि मुख्य सीएसव्हीत फक्त त्यानंतरच्या राहतात. एकटी मुख्य फाइल उचलली तर बॅकअप अर्धवट. पूर्ण फोल्डर घ्या.

दोन-तीनशे उपकरणांच्या कारखान्याला ही सीएसव्ही भरपूर झाली. मायएसक्यूएल फक्त तिथेच, जिथे ऑडिटसाठी लीजचे अहवाल लागतात. केआ-अ‍ॅडमिनच्या डीबी-इनिटने टेबलं बनतात. केआचं पॅकेज बदललं की सर्व्हर सुरू करण्याआधी डेटाबेसचा डंप, मग डीबी-व्हर्जन, मग डीबी-अपग्रेड. रचना जुळली नाही तर सर्व्हर उभा राहत नाही. टेबलात आयपी पूर्णांक म्हणून साठवलेला असतो, तो वाचायला क्वेरीत आयनेट-एनटीओए लावा. लीज काढायला मात्र थेट डिलीट क्वेरी नको. लीज-कमांड्सचा हुक (केआला जोडायचं पूरक मॉड्यूल) लोड करून कंट्रोल सॉकेटवर, म्हणजे चालू सर्व्हरला कमांड देण्याच्या वाटेवर, लीज४-डेल पाठवा, म्हणजे सर्व्हरचे आकडे बरोबर राहतात.

सध्या आमच्या मासिक तपासणीत स्टेट १ असलेल्या, म्हणजे नाकारलेल्या पत्त्यांची यादी काढली जाते. मशीनला मिळालेला आयपी आधीच कोणीतरी वापरत असेल तर ते तो नाकारतं आणि केआ तो पत्ता ८६४०० सेकंद बाजूला ठेवतो. यादीत तोच पत्ता पुन्हा पुन्हा दिसला, तर त्या व्हीलॅनमध्ये कोणीतरी हाताने आयपी टाकलेला असतो, बहुतेक वेळा सीसीटीव्हीवाल्याने डीव्हीआरला. स्विचच्या मॅक टेबलवरून पोर्ट शोधायचा, त्या डीव्हीआरचं रिझर्व्हेशन करून द्यायचं आणि मग लीज४-डेल मारून पत्ता मोकळा करायचा.