दोन-चार स्क्रूंचं काम

भाच्याचं म्हणणं सोपं आहे. "मामा, सातपूरच्या टूलरूममध्ये तुम्ही आयुष्यभर मायक्रॉन मोजत बसलात. रायफलचं पुढचं लाकूड बदलायला गनस्मिथ, बंदुका दुरुस्त करणारा कारागीर, कशाला हवा? दोन-चार स्क्रू तर आहेत!" आणि सोबत व्हिडिओ. कुणीतरी दाढीवाला अमेरिकन गृहस्थ स्वयंपाकघरातल्या टेबलावर एआर-15 रायफल आडवी टाकतो, जुना हँडगार्ड, म्हणजे बॅरलभोवतीचं हाताने धरायचं आवरण, काढतो, नवा बसवतो, कॉफीचा घोट घेतो. झालं काम.

व्हिडिओ खोटा नाही. त्या रायफलीचा साधा हँडगार्ड दोन अर्ध्या भागांचा असतो. मागची स्प्रिंगवाली रिंग दाबली की दोन्ही अर्धे हाताने निघतात, नवे तसेच बसतात. हे घरी करायला काहीच हरकत नाही. पण त्याच माणसाला बॅरलला कुठेच न टेकणारा, 'फ्री-फ्लोट' प्रकारचा हँडगार्ड बसवायचा असला तर बॅरल घट्ट धरून ठेवणारा जुना बॅरल नट काढावा लागतो. नव्या नटाला 30 ते 80 फूट-पौंड, म्हणजे साधारण 41 ते 108 न्यूटन-मीटर टॉर्क (आवळण्याचा जोर) द्यायचा, आणि तो देताना नटाची खाच गॅस ट्यूबच्या, म्हणजे गोळीमागचा गॅस मागे नेणाऱ्या नळीच्या, बरोबर समोर यायला हवी. ती आली नाही म्हणून थोडं सैल सोडायचं नाही. टॉर्कच्या हद्दीत राहून पुढच्या खाचेपर्यंत न्यायचं. वरचा रिसीव्हर, म्हणजे बॅरल ज्यात बसते तो मधला सांगाडा, ॲल्युमिनियमचा असतो. नुसता व्हाइसमध्ये आवळून जोर लावला तर पिळवटतो, म्हणून त्याच्यासाठी खास ब्लॉक मिळतो. टॉर्क रेंच, बॅरल नटचा पाना आणि तो ब्लॉक ज्याच्याकडे आहे त्याने तिकडे खुशाल घरी करावं. या तिन्ही अवजारांसाठी नव्याने खर्च करायचा असेल आणि काम आयुष्यात एकदाच असेल, तर गनस्मिथची मजुरी स्वस्त पडते. हे मी कारखान्यातल्या हिशोबाने सांगतोय, भीतीने नाही.

आमची रायफल मात्र वेगळ्या घराण्यातली. वडिलांच्या वेळची .315 बोअरची, बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यातली. दिंडोरीकडे शेत आहे, वडिलांनी ती पीक संरक्षणासाठी घेतली होती. त्यांच्यानंतर माझ्या लायसन्सवर आली. आता उसात रानडुकरांपेक्षा बिबट्याचीच चर्चा जास्त, आणि बिबट्यावर रायफल रोखायची नसते, वनखात्याला फोन करायचा असतो. त्यामुळे ती बहुतेक कपाटातच असते. 2024 मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका झाल्या. दोन्ही वेळा पोलीस ठाण्यात जमा केली, सोडवून आणली. त्यानंतर पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकाला केसाएवढी चीर दिसली आणि चापाचा पहिला टप्पा लांबल्यासारखा वाटू लागला.

चीर लाकडाला आणि बदल चापात, हे ऐकून भाचा हसला. पण या जातीच्या रायफलीत ते खरंच जोडलेलं आहे. ही मूळ ली-एनफिल्डची, म्हणजे ब्रिटिश फौजेच्या जुन्या रायफलीची, तिच्या एसएमएलई या प्रकाराची ॲक्शन (यंत्रणा). हिच्यात चाप लोखंडी बॉडीवर टांगलेला नसतो, खालच्या ट्रिगर गार्डवर असतो. गार्ड आणि बॉडी यांच्या मध्ये हे लाकूड. लाकूड आकसलं, दबलं, फुगलं, की दोघांतलं अंतर बदलतं आणि चापाची ओढ बदलते. पावसाळ्यात त्र्यंबकच्या बाजूने येणारा दमट वारा आणि एप्रिल-मेमधलं नाशिकचं कोरडं ऊन, एवढंच त्याला पुरतं. इंग्रजांनाही हा त्रास होताच, म्हणून याच घराण्यातल्या नंतरच्या नंबर 4 मार्क 2 रायफलीत त्यांनी चाप थेट बॉडीवर नेला.

आणि धक्का? एआरचा हँडगार्ड हाताला पकड देतो, उष्णतेपासून वाचवतो. गोळीचा धक्का त्याच्यावर येत नाही. आमच्या रायफलीत पुढचं लाकूड मागच्या बाजूला आतून ज्या दोन तिरप्या पृष्ठांवर बॉडीला भिडतं, तिथे धक्का झेलला जातो. ती दोन पृष्ठं घट्ट आणि दोन्हीकडे सारखी टेकलेली हवीत. वर्षानुवर्षं तेल मुरून तिथलं लाकूड मऊ पडतं, दबतं, मग गोळी सुटली की सगळं लाकूड मागे सरकून बट सॉकेटवर, म्हणजे खांद्याकडचं लाकूड (बट) ज्यात बसतं त्या लोखंडी खोबणीवर, आपटतं आणि मागून उकलतं. माझी चीर नेमकी तिथेच होती. तेव्हा हे झाकण बदलण्याचं काम नाही, बेअरिंगची सीट बसवण्यासारखं आहे. निळा रंग लावायचा, टेकवायचं, कुठे टेकतंय ते बघायचं, तेवढंच घासायचं, पुन्हा टेकवायचं.

आता खरं सांगायचं तर हे कळल्यावर माझे हात शिवशिवले. घासून बसवणं हेच तर केलं आयुष्यभर. गावचा सुतारही म्हणाला, "दादा, सागवानाचं करून देतो, एक्का नंबर." सुतार चांगला आहे, पण ज्याने बट आधी सोडवायला घेतला असता तो पहिला माणूस तोच. एसएमएलईत बटच्या लांब बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. आधी पुढचं लाकूड काढायचं, मगच बटचा बोल्ट. उलटं केलं तर बोल्ट फिरता फिरता पुढचं लाकूड फोडून ठेवतो. असल्या गोष्टी स्क्रू मोजून कळत नाहीत.

तरी माझा निर्णय झाला तो कौशल्यावर नाही. शस्त्र कायदा 1959 चं कलम 3 शस्त्र बाळगण्याच्या लायसन्सचं, आणि कलम 5 तयार करणं, विकणं, रूपांतर करणं, दुरुस्ती करणं यासाठीच्या लायसन्सचं. दुरुस्ती हा शब्द तिथे उघड लिहिला आहे. शस्त्राच्या व्याख्येत त्याचे भागही येतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 5 मोडल्याची शिक्षा किमान 7 वर्षांची, वर जन्मठेपेपर्यंत. अमेरिकेत कायद्याच्या नजरेत बंदूक म्हणजे नंबर असलेला रिसीव्हर; हँडगार्ड तिथे मोबाइलच्या कव्हरइतक्या सहज घरपोच येतो. भाच्याच्या व्हिडिओत ही अर्धी गोष्ट नसते. साफसफाई, तेल, गंज न लागू देणं, हे माझं काम. लाकूड घासून बसवणं परवानाधारक दुरुस्तीवाल्याचं. लायसन्स तीस-चाळीस वर्षं घरात टिकवायचं आणि शेवटी कानसीपायी घालवायचं, हे माझ्या गणितात बसत नाही.

मुलीच्या एअर रायफलचं सगळं मी घरीच करतो, हेही सांगायला हवं. ती 10 मीटर नेमबाजी खेळते. 4.5 मिमीची आणि 20 जूलच्या आतली एअर रायफल, तिला लायसन्स लागत नाही. तिचा पुढचा भाग, हाताखालचा रायझर (उंची वाढवणारा ठोकळा), गालाची पट्टी, सगळं ॲलन कीचं काम. पहिल्यांदा रायफल रिकामी आहे याची खात्री, मग हवेचा सिलेंडर काढून बाजूला, कारण त्यात 200 बारपर्यंत दाब असतो. जुन्या जागेचा फोटो आणि पेन्सिलची खूण. स्क्रू टॉर्क रेंचने, दोन्ही बाजूंना आलटून पालटून. शेवटी वजन: 5.5 किलोच्या वर गेलं तर स्पर्धेच्या तपासणीत अडकणार. तिच्या टार्गेटवरचा 10 चा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे, त्यामुळे काम नीट झालं की नाही ते ती दुसऱ्या दिवशी रेंजवरून आल्या आल्या सांगते. कधी कधी जिन्यातूनच.

.315 शेवटी शहरातल्या एका जुन्या दुकानात नेली. लायसन्स सोबत, रायफल रिकामी आणि कव्हरमध्ये. त्यांनी रजिस्टरमध्ये नंबर लिहिला, मला पावती दिली. पावती न देणाऱ्याकडे रायफल एक रात्रही ठेवू नये. मी तिथे मुद्दाम एकच प्रश्न विचारला, "आधी काय सोडवणार?" म्हातारबाबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "पुढचं लाकूड. का, तुम्ही आधी बट सोडवलाय की काय?" माझं समाधान झालं.

नवं लाकूड नकोच म्हणाले ते. मूळचं अक्रोडाचं आहे, दबलेल्या दोन जागा कापून तिथे कठीण लाकडाचे तुकडे चिकटवायचे आणि ते घासून बसवायचे. चीर आतून सांधायची. फक्त आत्ता नाही. श्रावणात बसवलेलं लाकूड उन्हाळ्यात सैल पडतं, म्हणून काम दिवाळीनंतर. तोवर रायफल दुकानात, पावती माझ्या कपाटात. भाच्याने काल आणखी एक व्हिडिओ पाठवला आहे, अजून उघडला नाही.