मुक्कामी गाडी

आमच्याकडे नवा मास्तर किंवा तलाठी आला की पहिला प्रश्न पडतो तो असा: "राह्यता का अप-डाऊन करता जी?" अप-डाऊनवाल्यांतही दोन पंथ, एक पॅसेंजरचा आणि एक एसटीचा. अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर रेल्वे, धामणगाव रेल्वे या पट्ट्यात गावाच्या नावालाच रेल्वे चिकटलेली, त्यामुळे पहिल्या पंथाला जरा माज असतो.

माज अगदीच खोटा नाही. पॅसेंजरचं किमान तिकीट 10 रुपये. कोरोनानंतर त्याचे 30 झाले होते, ते फेब्रुवारी 2024 मध्ये पुन्हा 10 वर आले. डब्यात पाय पसरता येतात, पत्त्यांचा डाव जमतो, खड्डे लागत नाहीत. एसटीचं भाडं जानेवारी 2025 मध्ये जवळपास 15 टक्क्यांनी वाढलं. पण 17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आणि त्याआधीपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना पूर्ण माफ. रेल्वेनं ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 मध्ये बंद केली ती केलीच. त्यामुळे एकाच लग्नाला निघालेल्या घरातले पुरुष पॅसेंजरनं जातात, बायका एसटीनं, आणि आजोबा फुकटच्या सीटवर बसून दोन्ही खात्यांचा कारभार सुधारत असतात.

खरा फरक थांबण्यात आहे. पॅसेंजर थांबते ती दुसऱ्यासाठी. तिला बाजूच्या लाइनीत घालतात, मग हावडा-मुंबईवाली एखादी धडधडत जाते, मागून कोळशाची मालगाडी. आपण डबे मोजायचे. एसटी थांबते ती आपल्यासाठी. "हात दाखवा, एसटी थांबवा" ही महामंडळाचीच योजना, पण आमच्या बायांनी ती फार ताणली आहे. शेताच्या धुऱ्यावरून नुसता आवाज आला, "ओ भाऊ, थांबवा नं!" की कंडक्टरचा दोरीवरचा हात तसाच राहतो. डबल बेल पडत नाही. डोक्यावर गाठोडं, काखेत लेकरू, एक चप्पल हातात, अशी बाई चढते आणि वरून म्हणते, "केवढी घाई करून राह्यले बाप्पा!"

असं वागणारी रेल्वे आमच्याकडे एकच होऊन गेली, शकुंतला. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर, नॅरोगेज, इंग्रज कंपनीनं कापसासाठी टाकलेली. 1921 च्या मँचेस्टरच्या वाफेच्या इंजिनानं ती 1994 पर्यंत ओढली. गाडीतल्याच माणसानं उतरून फाटक लावायचं, गाडी पलीकडे गेली की उघडायचं आणि पुन्हा चढायचं. वेगाबद्दल न बोललेलं बरं. ती रुळांवरची एसटीच होती, म्हणून तर लोक अजून तिच्यासाठी निवेदनं देतात.

पण माझं मत विचाराल तर सेवा चांगली की वाईट हे दिवसाच्या गाडीवरून ठरवूच नये. मुक्कामी गाडीवरून ठरवावं. रात्री उशिरा ती गावात शिरते, देवळाजवळ उभी राहते, ड्रायव्हर चाकाला दगड लावतो. कुणाच्या तरी घरून झुणका-भाकर येते. उन्हाळ्यात दोघं टपावर अंथरूण टाकतात आणि गावातली दोन-तीन रिकामी माणसं तालुक्याच्या बातम्या ऐकायला खाली बसतात. पहाटे अंधारात ड्रायव्हर बादलीभर पाणी काचेवर मारतो, इंजिन घरघरायला लागतं आणि अख्खं गाव जागं होतं. दुधाचे कॅन, दवाखान्यात न्यायची म्हातारी, बारावीची पोरं, तारखेला कोर्टात निघालेले दोन चुलतभाऊ, एक पुढच्या दारी, एक मागच्या बाकावर. ही गाडी चुकण्याची भीती नसते, कारण ती रात्रभर तुमच्याच दारात उभी असते. शाळकरी पोरींसाठी सरकारच्या मानव विकास योजनेच्या निळ्या बसेस आल्या त्याही याच चालीच्या: शाळेची घंटा पाहून निघणाऱ्या. रेल्वेच्या वेळापत्रकाला घंटा ऐकू येत नाही, त्यात तिचा दोष नाही. तिला मुंबईला पोचायचं असतं.

मुक्कामी गाड्या आता कमी दिसतात. मोटारसायकली आल्या, काळीपिवळी आली. गावातून मुक्कामी उठली की आधी म्हाताऱ्यांची तालुक्याची चक्कर बंद होते, मग पोरींचं कॉलेज. जिथं ती टिकली तिथले लोक सोयरिकीच्या बैठकीत अजून सांगतात, "आमच्याकडे मुक्कामी हाय."

फेब्रुवारी 2024 मध्ये वर्धा-कळंब ब्रॉडगेज रेल्वे सुरू झाली. आमच्या मामांना मी मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्यांनी तंबाखू मळत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं झालं. पण टेसनावर उतरल्यावर आमच्या गावाले काय येते?"