दहाचा लिव्हर, आठची कॅसेट

जानेवारीतली दुपार. रत्नागिरीत मारुती मंदिराजवळच्या माझ्या दुकानासमोर छोटा हत्ती थांबला. ड्रायव्हरशेजारून एक काका उतरले आणि काही न बोलता मागे गेले. हौद्यात रिकाम्या क्रेटवर पंचे अंथरून त्यावर निळी सायकल आडवी ठेवली होती. ती उतरवायला मी हात पुढे केला तर म्हणाले, "थांबा, मी घेतो."

काका पुण्याचे, साठी ओलांडलेले. दोन मित्रांबरोबर किनाऱ्याच्या रस्त्याने गोव्याला निघाले होते. मित्र पुढे जाऊन पावसला थांबले होते. आदल्या दिवशी खाडी ओलांडताना फेरीबोटीत कुणाची तरी मोटारसायकल कलंडली ती सायकलच्या उजव्या अंगावर. वरवर काही दिसलं नाही, म्हणून ते चालवत राहिले. सकाळी जयगडच्या पुढच्या चढावर त्यांनी सगळ्यात हलका गिअर टाकला आणि मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका दातेरी चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, सरळ आऱ्यांत गेला.

हे नेहमी असंच होतं. सायकल उजवीकडे पडली की डिरेलर ज्याला लटकतो तो हँगर आत वळतो. सपाटीवर काही कळत नाही. चढ लागला, चेन सगळ्यात मोठ्या चकतीवर गेली की डिरेलर आऱ्यांच्या अगदी जवळ येतो. हँगर वाकलेला असेल तर उरलेलं ते थोडंसं अंतरही संपतं. माझी कळकळीची विनंती आहे, सायकल उजवीकडे पडली तर पुढचा चढ चढण्याआधी ती मागून एकदा न्याहाळा.

डिरेलरचा खालचा, चेन धरणारा पिंजरा पिळवटला होता, पाच आरे तुटले होते, रिम आठ आकड्यासारखी झाली होती, चेनीच्या तीन कड्या वळल्या होत्या. आणि हे सगळं कॅम्पॅग्नोलो कंपनीचं. दहा स्पीडचे, म्हणजे मागच्या दहा चकत्यांसाठीचे, एर्गोपॉवर लिव्हर: ब्रेकमागच्या छोट्या पात्याने गिअर चढवायचा आणि अंगठ्याच्या बटणाने उतरवायचा. आमच्याकडे शिमानो कंपनीचं काम रोजचं, स्रॅमचं अधूनमधून. कॅम्पॅग्नोलो कधीतरीच हाताखाली येतं. काकांनी वाटेतूनच एका मोठ्या शहरातल्या दुकानाला फोन केला होता. उत्तर मिळालं होतं: भाग मागवावे लागतील, काही आठवडे लागतील, दुसऱ्या कंपनीचं काहीही बसणार नाही, त्यापेक्षा सगळा सेट बदला.

"लिव्हर बदलायचे नाहीत," काका म्हणाले. "ही फ्रेम मी आणि माझ्या भावाने मिळून बांधून घेतली. लिव्हर त्याने निवडले. तो आता नाही."

मी लिव्हर हातात घेऊन क्लिक मोजले. एकदम साफ. मग आधी हँगरकडे वळलो, कारण तो सरळ होत नसेल तर पुढचं बोलण्यात अर्थ नव्हता. फ्रेम पोलादी, हँगर फ्रेमचाच भाग. पोलाद बेताने वाकवलं तर परत येतं. ॲल्युमिनियम असतं तर मी हात लावला नसता. वडिलांनी शिकवलेली एक युक्ती आहे. मागच्या चाकाच्या धुऱ्याचे आटे आणि हँगरचे आटे एकच असतात, १० मिमी व्यास, १ मिमी पिच. एका सुट्या चाकाचा धुरा थेट हँगरमध्ये पिळायचा. आता दोन चाकं शेजारीशेजारी उभी राहतात आणि दोन्ही रिममधलं अंतर वर, खाली, पुढे, मागे सारखं यायला हवं. वर आणि खालच्या अंतरात सव्वा इंचाचा फरक होता. हळूहळू, दर वेळी थोडंसं दाबून, अर्ध्या तासात तो तीन मिलिमीटरवर आणला. आटे शाबूत राहिले.

मग प्रश्न उरला चाकाचा. त्याचे आरे खास लांबीचे, इथे मिळणं शक्य नाही. म्हणजे चाकच दुसरं. रत्नागिरीत मिळणार ते शिमानोच्या खाचांच्या फ्रीहबचं (चाकाच्या मधला, चकत्या जिच्यावर चढतात तो भाग), आणि कॅम्पॅग्नोलोची कॅसेट, म्हणजे चकत्यांचा संच, त्या खाचांवर चढत नाही. म्हणजे कॅसेटही शिमानोची. इथपर्यंत सरळ आहे. गाडी अडते ती पुढे.

माझ्याकडे काम शिकणारा पोरगा शिमानोची दहाची कॅसेट घेऊन आलासुद्धा. "दादा, दहाच्या लिव्हरला दहाची कॅसेट, आणि हा शिमानोचा डिरेलर. काय अडचण आहे?"

त्याला मी कागद दिला. लिव्हर एका क्लिकला ठरावीक केबल ओढतो. डिरेलर त्या केबलच्या ठरावीक पटीत आडवा सरकतो. या दोघांचा गुणाकार दोन चकत्यांमधल्या अंतराएवढा आला तर गिअर पडतो, नाही तर नाही. स्पीडचा आकडा या हिशेबात कुठेच येत नाही. काकांचा लिव्हर सरासरी २.८ मिमी ओढतो. शिमानोच्या जुन्या पठडीतल्या रोड डिरेलरची पट १.७. गुणाकार ४.७६. दहाच्या शिमानो कॅसेटचं अंतर ३.९५. म्हणजे दर क्लिकला ०.८ मिमी जास्त, पाच क्लिकांत एक अख्खी चकती पुढे. त्याने फळीवरचा स्रॅमचा दहाचा डिरेलर दाखवला. त्याची पट १.३, गुणाकार ३.६४. आता दर क्लिकला ०.३ कमी.

"मग नऊची?"

नऊचं अंतर ४.३५. तेही नाही.

तो कागदाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "दादा, आठची किती असते?"

४.८.

तो क्षण मला अजून तसाच आठवतो. चार शतांश मिलिमीटरचा फरक! सात क्लिकांत मिळून ०.२८ मिमी, आणि शिमानोच्या डिरेलरची वरची पुली थोडी इकडेतिकडे हलू शकते, ती तेवढं सहज पोटात घालते. हा जोड माझा शोध नाही, जगात अनेकांनी तो वर्षानुवर्षं चालवला आहे. मी वाचलेला होता, केलेला नव्हता. पण पोराने स्वतः हिशेब करत तिथे पोचणं मला फार मोलाचं वाटलं.

आठ स्पीडचं चाक आणि लांब पिंजऱ्याचा डिरेलर दुकानात एकाच सायकलवर होता: शिमानोचा क्लॅरिस, ११ ते ३२ दातांची कॅसेट. ती सायकल माझी. विचार करायला वेळ लागला नाही. मागच्या धुऱ्याची रुंदी दोन्ही सायकलींना १३० मिमी, रिम ब्रेकही दोन्हींना. चाक बसलं, ब्रेकचे रबर थोडे हलवले.

चेनीबाबत मात्र थांबलो. आठची चेन बाहेरून सुमारे ७.१ मिमी रुंद. काकांचा पुढचा डिरेलर आणि पुढची दातेरी चाकं दहाच्या ५.९ मिमीसाठी केलेली. ती तिथे घासली असती. नऊची चेन ६.६. मागे आठच्या चकत्यांवर ती बिनतक्रार चालते आणि पुढेही अडत नाही. तीच घातली.

केबलने वेळ खाल्ला. जुन्या केबलची तार डिरेलरपाशी उसवली होती, खाऱ्या हवेने आत गंजही धरला होता. दुकानातली केबल शिमानोची, तिचं डोकं कॅम्पॅग्नोलोपेक्षा किंचित मोठं. तशीच घातली तर लिव्हरमध्ये घट्ट अडकते आणि पुढे कधी काढताना रडवते. बारीक कानशीने डोकं घासलं, जुन्या डोक्याशी ताडून पाहिलं, परत घासलं. भावाने निवडलेल्या लिव्हरमध्ये मला काही अडकवून ठेवायचं नव्हतं.

पहिल्या फेरीत गिअर पडले, पण मधल्या दोन चकत्यांवर कुरकुर. एर्गोपॉवरची ओढ सगळ्या क्लिकांना सारखी नसते, २.८ ही सरासरी. दहा जागांपैकी आठच वापरायच्या, तर कुठल्या आठ हे आपल्या हातात. केबल सैल करून सुरुवात एका क्लिकने पुढे सरकवली. एक मोकळी जागा छोट्या चकतीकडे, एक मोठीकडे. डिरेलरला दोन्ही टोकांना अडवणारे मर्यादा-स्क्रू त्याप्रमाणे आवळले. पुन्हा पेडल फिरवलं. आता फक्त चेनीची सळसळ.

काकांना दोन गोष्टी बजावल्या. सगळ्यात मोठ्या चकतीवर गेल्यावर लिव्हर आणखी दाबायचा नाही, तिथे स्क्रू अडवतो आहे, जोर केला तर दुखापत लिव्हरला होईल. आणि छोट्या टोकाला एक क्लिक रिकामी पडेल, घाबरायचं नाही.

ते थिबा पॅलेसच्या दिशेने चक्कर मारून आले. चढावरून उतरताना बटण दाबल्याचा तो खट्ट आवाज दुकानापर्यंत आला. उतरून म्हणाले, "माझ्याकडे मागे सव्वीसच दात होते. या बत्तीसवर तर गुडघे दुखतच नाहीत."

चाकाचे आणि डिरेलरचे पैसे त्यांनी जबरदस्तीने दिले. मोडलेलं चाक माझ्याकडे ठेवून घेतलं. आरे मिळाले की बांधून पुण्याला पाठवायचं ठरलं. पाच वाजता ते भाट्याच्या पुलाकडे निघाले. पोरगा रस्त्याच्या कडेपर्यंत त्यांच्या मागे गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. देवगड. मोठ्या चकतीवर चढताना चेन एकदा अडखळते म्हणाले. नवी केबल थोडी ताणली जातेच. फोन मी पोराच्या हातात दिला.

"काका, डिरेलरला केबल जिथे शिरते तिथला गोल नॉब. मागून बघताना घड्याळाच्या उलटा. पाव फेरा. नाही, तेवढाच. आता चालवून बघा, मी धरून आहे."