आगीचा सराव आणि आमचे दोन विद्यार्थी

धुराच्या अलार्मची बॅटरी संपत आली की तो मिनिटाभराने एकदा 'चिक्' करतो. माझ्या लक्षात यायच्या आत आमचा कुत्रा बंड्या बाथरूममधल्या बादलीमागे जाऊन थरथरत बसला होता. नुसत्या 'चिक्'ने ही गत, तर खरी आग लागली तर हा दाराकडे पळेल की बादलीकडे? त्या दिवशी मी शिकवणी घ्यायचं ठरवलं.

अलार्मचा आवाज मोबाइलमध्ये रेकॉर्ड केला. अगदी बारीक आवाजात वाजवायचा, बंड्याला दारापाशी बोलवायचं आणि लगेच खाऊ द्यायचा. दर दोन-तीन दिवसांनी आवाज थोडा वाढवायचा. तो बिचकला की मागे यायचं. घाई केली तर भीती उलट पक्की होते. (हे मला घाई केल्यावर कळलं.) महिन्याभरात पठ्ठ्या पूर्ण आवाजावर दाराशी येऊन लाळ गाळत बसायला लागला.

ठमीचं प्रकरण वेगळं. मांजरांना ६०,००० हर्ट्‌झच्या वरचेही आवाज ऐकू येतात. फक्त आपण मारलेली हाक ऐकू येत नाही. घाबरली की ती पलंगाखाली, भिंतीला चिकटून. आणि तिचा पिंजरा माळ्यावरून निघायचा तो डॉक्टरांकडे जायच्या दिवशीच, त्यामुळे त्याची कडी वाजली की बाईसाहेब गायब. पहिल्या सरावात घड्याळ लावलं : सव्वाचार मिनिटं, त्यातली साडेतीन पलंगाखाली माझं अर्धं अंग. मग पिंजरा दार उघडं ठेवून हॉलमध्येच मांडला, आत तिची चादर. तिसऱ्या आठवड्यात ती आत झोपू लागली.

शेगडीच्या बटणांवर कव्हरंही बसवली. भांड्याच्या वासाने कुत्रा मागच्या पायांवर उभा राहतो आणि पंजाने बटण फिरतं. घरांना अशा आगी खरोखर लागल्या आहेत.

परवा गॅसवर काहीतरी करपलं आणि अलार्म खणाणला. बंड्या दाराशी हजर, ठमी पिंजऱ्यात. मी मात्र स्टुलावर चढून अलार्मला वर्तमानपत्राने वारा घालत होतो. बंड्याने दोनदा भुंकून पाहिलं, मग येऊन माझी पँट ओढली. खाऊ द्यायचा राहिला होता.

आता मी शेगडी पेटवली की तो छताकडे बघत बसतो. आणि ठमी? डॉक्टरांकडे पिंजऱ्याचं झाकण खोलून काढावी लागते.