गळ्याशी सुरी, पाठीशी उशी

त्याने तिच्या गळ्याला सुरी लावली आणि मी पाठीमागची उशी नीट करून घेतली.

दुपारची वेळ, घरात कोणी नाही. पुस्तकात तो उत्तरेकडच्या दरबाराचा सेनापती आणि ती त्याच्या भावाला मारणाऱ्या घराण्यातली शेवटची मुलगी. ती म्हणते, "मार की." तो म्हणतो, "घाई काय आहे?" एरवी बातम्यांत कोणी कोणावर हात उगारला तरी चॅनल बदलणारी मी, इथे मात्र समाधानाचा उसासा टाकते. आता चारेकशे पानांची निश्चिंती. हा तिला मारणार नाही. ती त्याला मारायचा प्रयत्न करेल, पण तिचाही नेम ऐन वेळी खांद्यावर घसरेल. मग जखम बांधायला तिलाच बसावं लागेल. मध्येच कुठेतरी हिमवादळ येईल, सराईत एकच खोली शिल्लक असेल आणि खोलीत एकच पलंग. असतोच! या राज्यांमध्ये ड्रॅगन आहेत, विचार करणारे किल्ले आहेत, मेलेल्या राण्यांचे मुकुट आहेत, पण जास्तीचा पलंग एकाही सराईवाल्याकडे नाही.

आधी वैरी, मग प्रेमी अशा या जादुई राज्यांतल्या कादंबऱ्यांत मला हे सगळं आधीच माहीत असतं आणि म्हणूनच हवं असतं. पुढे काय होणार याची चिंता मला रोजच्या आयुष्यात पुष्कळ आहे.

मात्र माझ्या काही अटी आहेत. पहिल्या पानावर नकाशा हवा. तो मी नंतर कधीच उघडून बघत नाही, पण हवा. पात्रांची नावं उच्चारता आली नाहीत तरी चालतील, मी पहिल्या अक्षरावर भागवते. न चालणारी गोष्ट एकच, गैरसमजावर उभं असलेलं वैर. म्हणजे ती त्याला कुणा भलत्याच बाईबरोबर बघते, ती बाई त्याची बहीण निघते आणि तेवढ्यावर दोनशे पानं अबोला. अरे, विचारा ना एकमेकांना! वैर कसं खरं हवं. त्याने तिचं गाव जाळलेलं असावं, निदान तिने त्याचं सिंहासन बळकावलेलं असावं. नुसता उद्धट नायकही मला पुरत नाही. उद्धट माणसं फुकट भेटतात, त्यासाठी पुस्तक कशाला विकत घ्यायचं?

हे वाचणारी मी एकटी नाही, याचा हल्ली पुरावाच मिळालाय. 2024 साली ऑक्सफर्डच्या कोशकारांनी वर्षाच्या शब्दासाठी जी यादी काढली तीत 'रोमँटसी' होता, म्हणजे रोमान्स आणि फँटसी यांची जोडणी, माझी ही पुस्तकं. निवड दुसऱ्याच शब्दाची झाली, ते सोडा. आणि 2025च्या जानेवारीत ड्रॅगनस्वारांच्या एका मालिकेचा तिसरा भाग आला, त्याच्या पहिल्या आठवड्यात सत्तावीस लाखांहून जास्त प्रती खपल्या. इतक्या उशा एकाच आठवड्यात नीट केल्या गेल्या.

पण हे वेड आजकालचं आहे असं कोणी म्हणालं की मला बिआट्रिस आठवते. शेक्सपिअरच्या 1600 साली छापलेल्या 'मच अडू अबाउट नथिंग' या नाटकातली. युद्धावरून कोण कोण परत आलं, हे सांगायला निरोप्या येतो. ही बाई नाटकातलं आपलं पहिलं वाक्य बोलते तेच तिच्याशी सतत वाद घालणाऱ्या बेनेडिकबद्दल: आला का तो? अर्थात नाव वाकडं करून. तो समोर आल्यावर म्हणते, तुम्ही अजून बोलताय कशाला, तुमच्याकडे कोणाचं लक्ष नाही. कोणाचंच नाही! हिचं सोडून, जी इतका वेळ फक्त त्याचीच चौकशी करत होती.

जेन ऑस्टेनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधल्या डार्सीचंही तेच. नायिका एलिझाबेथच्या चेहऱ्यात एक गोष्ट धड नाही, हे तो मित्रांना पटवून देतो आणि पटवून होतं न होतं तोच तिचे काळेभोर डोळे त्याच्या लक्षात यायला लागतात. दोष काढायचा तर निरखून बघावं लागतं, आणि माणूस तिथेच अडकतो. 61 प्रकरणांच्या त्या कादंबरीत 34व्या प्रकरणात तो मागणी घालतो, तीही तुझं घराणं आमच्या तोलाचं नाही हे ऐकवत, आणि ती त्याला सरळ नाही म्हणते. पुढची 27 प्रकरणं मी किती वेळा वाचली असतील, सांगवत नाही.

मला वाटतं, आपली ओढ असते ती या लक्ष देण्याची. आपल्यावर प्रेम करणारी माणसं आपल्याला गृहीत धरतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. ती आपल्याला ओळखून चुकलेली असतात, मग पुन्हा कशाला बघतील? शत्रूला ती सोय नसते. आपण दारातून आत आलो की कुठल्या हातात काय आहे, पाय किंचित लंगडतोय का, रात्री झोप झालीय का, हे त्याला बघावंच लागतं. पुस्तकातला तो सेनापती तिला म्हणतो, तू खोटं बोलताना अंगठा मुठीत धरतेस. तिच्या आईलाही हे माहीत नव्हतं. त्या वाक्याला मी पुस्तक छातीवर पालथं ठेवून थोडा वेळ छताकडे बघत पडले.

लहानपणी आत्या दिवे मालवल्यावर राक्षसाची गोष्ट सांगायची. कपाळावर हात आडवा ठेवून, अर्धवट झोपेत. राक्षसाने राजकन्येला पळवून नेलेली असते. राजपुत्र लपून येतो आणि तिला सांगतो की याचा जीव कशात आहे ते काढून घे. मग ती राक्षसाचे पाय चेपता चेपता विचारते, "तुम्हाला काही झालं तर माझं कसं होणार हो? तुमचा जीव कशात आहे?" आणि तो सांगून टाकतो. सात समुद्रांपलीकडे झाड, झाडावर पिंजरा, पिंजऱ्यात पोपट. झालं. राजपुत्र जातो, पोपटाचा एक पंख उपटतो की इकडे राक्षसाचा हात गळतो, दुसरा पंख, दुसरा हात. आत्या हे फार रंगवून सांगायची. मी विचारलं, "पण त्याने तिला सांगितलंच कशाला?"

"मूर्ख होता म्हणून. झोप आता."

मला झोप येईना. इतकी माणसं खाल्लेला, इतका दांडगा राक्षस, एका प्रश्नाला असा विरघळला. तोवर त्याला काही विचारलंच नसणार कोणी. माझं काय होणार, असं म्हणून त्याच्याजवळ बसलंही नसणार. आणि राजपुत्र काय, घोड्यावर बसून आला आणि पोपट मुरगाळून गेला. अख्ख्या गोष्टीत त्याच्या तोंडी एक धड वाक्य नाही. पुढे ती दोघं सुखाने नांदली म्हणे. काय बोलत असतील जेवताना?

हल्लीच्या लेखिकांनी ती राजकन्या पोपटापर्यंत स्वतः पाठवली, पिंजरा तिच्या हातात दिला आणि तिला तिथे घुटमळायला लावलं. माझ्यापुरतं एवढं पुरे आहे.

खऱ्या आयुष्यात असल्या माणसापासून चार हात लांब राहावं, हे मला कळतं. कोणी समजावून सांगायला आलं की मी मान डोलावते. पुस्तकात मात्र सुरी तिच्याकडेही असते, बहुधा त्याच्याहून धारदार, आणि ती कधी उगारायची हे तिच्यावर असतं. ज्या कादंबरीत तिच्या हातात काहीच नाही, ती मी मिटून ठेवते, मग नकाशा कितीही सुरेख असो. 'ब्यूटी अँड द बीस्ट' या 1756च्या फ्रेंच कथेतला पशूसुद्धा रोज रात्री विचारतो, माझी बायको होशील का? ती नाही म्हणते. तो सुस्कारा टाकून निघून जातो. एवढी रीत पशूला कळते.

त्याच आत्याचं आणि तिच्या धाकट्या जावेचं बोलणं बंद होतं. एका घरात राहून, वर्षानुवर्षं. कारण काय होतं ते आम्हा मुलांना कधी नीट कळलं नाही. निरोप द्यायचा तर भिंतीकडे बघून बोलायच्या. आत्या शेवटी दवाखान्यात होती तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, कुठली गोळी यांना सोसत नाही? आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. तिच्या मुलालाही सांगता येईना. त्या धाकट्या जावेने नाव सांगितलं, कधी घेतली होती ते सांगितलं, अंगावर पुरळ कुठे उठलं होतं तेही सांगितलं. मग बाहेर जाऊन बाकावर बसली. आत्याशी बोलली नाहीच. आत्याही तिच्याशी बोलली नाही.

यावर कोणी पाचशे पानं लिहिली तर मी वाचीन का, कोण जाणे. बहुधा नाही. दोघींपैकी एकीलाही पंख नव्हते.